हातांनी केलेल्या निदानावर किती विसंबावे? – मॅन्युअल ऑस्टिओपॅथी

साक्षेपी
मॅन्युअल ऑस्टिओपॅथीत तपासणीही हातांनी होते आणि उपचारही हातांनीच. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी डॉक्टरने १८७४ मध्ये ही पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. दुखण्याची हकिकत ऐकून झाली की रुग्णाला उभे करून खांद्यांची व कंबरेच्या हाडांची पातळी पाहतात, वाकायला-वळायला लावून कोणती हालचाल अडते ते हेरतात आणि मग मणक्यांच्या दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांनी चाचपतात. ऊतींच्या पोतातील बदल, डाव्या-उजव्या बाजूंतील फरक, हालचालीतील अडथळा आणि दाबल्यावर होणारी वेदना अशा चार खुणांवरून ‘सोमॅटिक डिसफंक्शन’ (हाडे, सांधे व स्नायूंच्या कामातील बिघाड) हे निदान केले जाते.

माझा आक्षेप उपचारापेक्षा या निदानावर अधिक आहे. एकच पाठ दोन प्रशिक्षित तपासनिसांनी स्वतंत्रपणे चाचपली, तर नेमका कोणता मणका ‘अडकला’ आहे याबाबत त्यांचे एकमत फारसे होत नाही, असे अशा चाचण्यांच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. कुठे दाबल्यावर दुखते याबाबत मात्र ते बरेच जुळते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ती माहिती तपासनिसाची बोटे नव्हे, तर रुग्ण स्वतः पुरवत असतो. शरीराची डावी-उजवी बाजू तर ज्यांना काहीच दुखत नाही अशांचीही सारखी नसते. मग मूळ कारण बोटांना सापडते या दाव्यात उरते काय?

हस्तोपचारी
मी याच पद्धतीने उपचार करतो, हे आधीच सांगून ठेवतो. आपण चाचपणीला जे काम चिकटवत आहात, ते तिचे मुख्य काम नाही. एखाद्या मणक्याला नाव देण्यापेक्षा समोरच्या माणसावर कोणते तंत्र वापरावे आणि किती जोर लावावा, हे ठरवण्यासाठी हात लागतात. हालचालीच्या शेवटच्या टप्प्यात स्नायू विरोध करत असेल, तर रुग्णाला माझ्या हाताविरुद्ध काही सेकंद हलकेच जोर लावायला सांगतो, तो सैल पडला की सांधा थोडा पुढे नेतो आणि हे दोन-तीनदा करतो. याला मसल एनर्जी तंत्र म्हणतात. हात लावताच दुखणारी जागा असेल, तर जिथे वेदना सर्वांत कमी होते अशा स्थितीत शरीर सुमारे ९० सेकंद धरून ठेवायचे, हे काउंटरस्ट्रेन. जलद झटक्याचे तंत्र यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असले, तरी मी ते सर्वांत कमी वापरतो. त्यात येणाऱ्या ‘कट्’ आवाजाचा संबंध सांध्यातील द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीशी आहे, हाड जागेवर बसण्याशी नाही. उपचारानंतर अडलेली हालचाल मी पुन्हा तपासतो, आणि माझ्या दृष्टीने खरी कसोटी तीच.

संशयात्मा
पुन्हा तपासणारे हात तेच, आणि सुधारणा दिसावी अशी इच्छाही त्याच माणसाची. विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका तपासण्यासारखे हे आहे. म्हणून लटक्या, म्हणजे खऱ्यासारखा भासणाऱ्या पण खरे तंत्र नसलेल्या, उपचाराशी केलेली तुलना पाहावी लागते. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ४०० रुग्णांवरील एक फ्रेंच चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनंतर दैनंदिन कामांतील अडचणी मोजल्या, तेव्हा खऱ्या आणि लटक्या उपचारांत १०० पैकी केवळ ३.४ गुणांचा फरक निघाला. आकडेशास्त्राच्या दृष्टीने फरक आहे. रुग्णाला तो जाणवेल का, याची शंका खुद्द संशोधकांनीच व्यक्त केली आहे.

हस्तोपचारी
एकच चाचणी निवडून निकाल लावू नये. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५५ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत आठ आठवड्यांत सहा सत्रे दिली होती. बाराव्या आठवड्यात वेदना लक्षणीय कमी झालेल्यांचे प्रमाण खऱ्या उपचारात ६३ टक्के, तर लटक्या उपचारात ४६ टक्के होते. शिवाय लटक्या उपचारातही हात लावला जातो, आश्वासक लक्ष दिले जाते. त्यामुळे ही तुलना उपचार विरुद्ध काहीच नाही अशी नसते.

संशयात्मा
आपण दिलेल्याच आकड्यांत लटक्या उपचाराने जवळपास निम्म्या रुग्णांना बरे वाटले आहे. म्हणजे परिणामाचा मोठा भाग त्या विशिष्ट तंत्रांचा नाहीच. ऑस्टिओपॅथीतील कवटीच्या उपचाराबद्दल तर बोलायलाच नको. कवटीची हाडे ठरावीक लयीत हलतात आणि ती लय हाताला कळते, असे सदरलँड या अमेरिकी ऑस्टिओपॅथने मांडले होते. परंतु दोन तपासनिसांनी एकाच वेळी एकाच व्यक्तीला, एकाने डोक्याशी व दुसऱ्याने पायांशी हात ठेवून, ती मोजली, तेव्हा त्यांची मोजमापे जुळली नाहीत.

पायवाट
या वादात सुरक्षिततेचा मुद्दा मागे पडला आहे. मांड्यांच्या मधल्या भागातील बधिरपणा, लघवीवरील ताबा जाणे, तापासह पाठदुखी, पूर्वीचा कर्करोग, विनाकारण घटणारे वजन या गंभीर आजाराच्या खुणा हात लावण्याआधीच विचारल्या गेल्या पाहिजेत. मानेची रक्तवाहिनी फाटू लागली, तर सुरुवातीला केवळ मानदुखी व डोकेदुखीच जाणवू शकते आणि अशा मानेला झटका देणे धोक्याचे आहे. हे ओळखण्याची जबाबदारी कोणावर, हे देशागणिक बदलते. अमेरिकेत ऑस्टिओपॅथिक पदवी घेतलेले लोक औषधे व शस्त्रक्रियेचा अधिकार असलेले पूर्ण डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने नोंदणी बंधनकारक केली. काही ठिकाणी मात्र असे बंधनच नाही. माझ्या मते तपासणीतील सर्वांत मौल्यवान भाग प्रश्न विचारण्याचा आहे, आणि ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेनेही २०१६ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी हस्तोपचार केवळ व्यायामाच्या जोडीनेच सुचवले आहेत.

साक्षेपी
हस्तोपचारी यांना एक थेट प्रश्न. मणक्याचे नाव दुय्यम असेल, तर ‘तुमची कंबर तिरकी आहे’, ‘मणका सरकला आहे’ असे रुग्णांना सर्रास का सांगितले जाते? असे ऐकलेला माणूस नंतर वाकायलाही घाबरतो.

हस्तोपचारी
मी तसे सांगत नाही. पण माझ्या व्यवसायात ते सांगितले जाते, हे खरे आहे. ‘ही जागा ताठरली आहे आणि दाबल्यावर दुखते’ एवढेच म्हटले, तर पैसे मोजून आलेल्या माणसाला ते अपुरे वाटते, आणि सरकलेला मणका ऐकला की समाधान होते. कवटीच्या बाबतीत संशयात्मा यांच्याशी वाद घालणार नाही. कंबरदुखीच्या आकड्यांवर मात्र आमचे जमणार नाही, कारण १७ टक्क्यांचा फरक मी कमी मानायला तयार नाही.