सरकारी पोर्टल सोपं करा, की असंच कडक असू द्या?

बालाघाटकर (बीड):
2025 मध्ये लाडक्या बहिणीची ई-केवायसी आली, तेव्हा पोर्टलनं बाईच्या आधारासोबत नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला, त्यावर ओटीपी. दोघंही वारलेले असतील तर? तो रकाना करणाऱ्याच्या हे डोक्यातच आलं नाही. रंग, फिरत्या पट्ट्या, मंत्र्यांचे फोटो, ते राहू द्या. ‘माझं यात बसत नाही’ हे सांगायला प्रत्येक अर्जात जागा पाहिजे. नसली की माणूस खोटं भरतो नाहीतर गप घरी बसतो.

गोदाकाठ (नांदेड):
जागा दिली की सगळे तिथूनच घुसतील. बोगस पीकविम्याची प्रकरणं आपल्याच मराठवाड्यात गाजली ना? ओटीपीची कटकट परवडली, पण तलाठ्याच्या मागं फिरणं नको. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो, ते कुणी बोलत नाही.

बालाघाटकर:
बोलतो की. गट नंबर शेतकऱ्याला तोंडपाठ असतो, म्हणून ते जमतं. अन् विम्याला आधार, पासबुक, सातबारा सगळं मागत होते, तरी बोगस निघालेच.

सेतूवाला (परभणी):
आधारवर ज्ञानोबा, सातबाऱ्यावर ज्ञानेश्वर, पासबुकावर इंग्रजीत तिसरंच. पोर्टल लाल अक्षरात ‘इनव्हॅलिड’ म्हणतं, नेमकं काय चुकलं ते सांगत नाही. फोटोची साइज जास्त झाली हे पार शेवटच्या पानावर कळतं, तोवर सेशन संपलेलं. ऊसतोडीहून आलेल्या माणसाचा अंगठा मशीन घेत नाही. लिंक असलेला नंबर पोराकडं, पोरगं कोल्हापूरकडं तोडीला. त्याला फोन लावून ओटीपी विचारायचा. अन् मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, ओटीपी कुणालाही सांगू नका!

गोदाकाठ:
पोर्टल सोपं झालं तर तुमचं दुकान चालंल का, ते सांगा आधी.

सेतूवाला:
झेरॉक्स आहे. भागंल.

वकीलसाहेब (लातूर):
भांडताय, पण मूळ राहिलं. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा. मुदतीत दाखला नाही मिळाला तर अपील करता येतं. पण मुदत धरतात ती पूर्ण भरलेला अर्ज दाखल झाल्यापासून. पोर्टलनं अर्धवट अर्ज घेतलाच नाही तर कागदावर तुम्ही अर्जच केलेला नाही. अपील कशावर करणार? बालाघाटकरांची ती जागा पाहिजे, अन् तिथं लिहिलं की पावती नंबरही पडला पाहिजे.

गोदाकाठ:
पावतीचं पटलं. पण तसले अर्ज तपासणार कोण? तलाठीच ना? म्हणजे पुन्हा चिरीमिरी.