फ(क्ष) = क्ष² संतत आहे: सिद्धतेत मार्क नेमके कुठे जातात?

रफवही

एस.वाय.बी.एस्सी., विषय गणित. पुस्तकातली सिद्धता वाचताना ओळ न् ओळ पटते. पुस्तक मिटून स्वतः लिहिली की मात्र समासात 'कारण?', 'हे कुठून आलं?' असे शेरे येतात. एक नमुना देतो. फ(क्ष) = क्ष² हे फलन प्रत्येक वास्तव संख्येपाशी संतत (कंटिन्युअस) आहे हे सिद्ध करायचं होतं. मी लिहिलं ते असं:

|क्ष² − अ²| < एप्सिलॉन
∴ |क्ष − अ| × |क्ष + अ| < एप्सिलॉन
∴ |क्ष − अ| < एप्सिलॉन / |क्ष + अ|
डेल्टा = एप्सिलॉन / |क्ष + अ| घेऊ. ∴ फलन संतत आहे.

पाचपैकी दोन मार्क मिळाले. बीजगणित तर बरोबर दिसतंय, मग गडबड कुठे आहे? आणि सिद्धता नीट लिहिता यावी म्हणून सराव कसा करायचा?

काटकोन

अवयव बरोबर पाडलेत, त्याचे दोन मार्क मिळाले. बाकीचे तीन डेल्टाच्या ओळीने घालवले.

संततची व्याख्या एकदा पूर्ण वाक्यात लिहून काढा. कोणताही अ दिला, नंतर कोणताही धन एप्सिलॉन दिला, तर असा एक धन डेल्टा सापडतो की |क्ष − अ| < डेल्टा असलेल्या प्रत्येक क्ष साठी |क्ष² − अ²| < एप्सिलॉन. यात अक्षरं कुठल्या क्रमाने येतात ते बघा: अ, एप्सिलॉन, डेल्टा आणि सगळ्यात शेवटी क्ष. डेल्टा ठरवायची वेळ येते तेव्हा क्ष अजून आलेलाच नसतो. म्हणून डेल्टाच्या सूत्रात अ आणि एप्सिलॉन चालतात, क्ष चालत नाही. तुमच्या सूत्रात क्ष आहे, म्हणजे दर क्ष ला वेगळा डेल्टा. व्याख्या तर सगळ्या क्षंना मिळून एकच डेल्टा मागते. शिवाय क्ष = −अ असेल तर तुम्ही शून्याने भागताय.

आता दुरुस्ती. अडचण |क्ष + अ| ची आहे. त्याच्या जागी त्याहून मोठी, पण क्ष नसलेली राशी हवी. क्ष मोकाट सोडला तर तशी राशी मिळणारच नाही, म्हणून आधीच ठरवून टाकायचं की डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही. मग |क्ष − अ| < १ आणि

|क्ष + अ| = |(क्ष − अ) + २अ| ≤ |क्ष − अ| + २|अ| < १ + २|अ|

क्ष गेला. हे सगळं रफ कामात. उत्तरपत्रिकेत एवढंच लिहा:

'अ ही कोणतीही वास्तव संख्या आणि एप्सिलॉन > ० दिलेले आहेत असं समजा. १ आणि एप्सिलॉन / (१ + २|अ|) यांतली लहान संख्या म्हणजे डेल्टा. दोन्ही धन आहेत, म्हणून डेल्टा > ०. आता |क्ष − अ| < डेल्टा असलेला कोणताही क्ष घ्या. डेल्टा ≤ १ असल्याने |क्ष + अ| < १ + २|अ|. म्हणून |क्ष² − अ²| = |क्ष − अ| × |क्ष + अ| ≤ |क्ष − अ| × (१ + २|अ|) < डेल्टा × (१ + २|अ|) ≤ एप्सिलॉन.' (त्रिकोण असमानतेची, म्हणजे बेरजेचं निरपेक्ष मूल्य ≤ निरपेक्ष मूल्यांची बेरीज, ही वरची ओळही मध्ये लिहा, ती गाळू नका.)

'दोहोंतली लहान' कशाला, हे आकडे घालून पाहा. अ = ३, एप्सिलॉन = ०.७ घेतले तर डेल्टा = ०.७ / ७ = ०.१. क्ष ३.१ च्या आत, म्हणजे वर्ग ९.६१ च्या आत, फरक ०.६१ पेक्षा कमी. ठीक. आता एप्सिलॉन = ७० घ्या. नुसतं ७० / ७ = १० हेच डेल्टा धरलं तर क्ष = १२.९ चालेल, त्याचा वर्ग १६६.४१ आणि फरक १५७.४१. एप्सिलॉनच्या दुप्पट! |क्ष + अ| ची मर्यादा |क्ष − अ| < १ असतानाच खरी होती, आणि १० घेताना ती अट मोडली. त्या १ मध्ये मात्र खास काही नाही. ७ घेतलं तरी चालेल, तेव्हा भाजक ७ + २|अ| होईल.

हा डेल्टा अ वर अवलंबून आहे आणि संपूर्ण वास्तव रेषेवर ते टाळताच येत नाही. क्ष = न आणि क्ष = न + १/न या दोन बिंदूंमधलं अंतर न वाढेल तसं शून्याकडे जातं, पण वर्गांतला फरक २ + १/न², म्हणजे कायम २ च्या वर. एकविध सातत्याचा (सगळ्या अ ना मिळून एकच डेल्टा चालणं) धडा आला की हे उदाहरण पुन्हा काढा.

मूळसंख्या

काटकोन यांनी मुख्य दुखणं सांगितलंच आहे. मी दिशेबद्दल लिहितो, कारण तपासणारा ते पहिल्याच ओळीत पकडतो. |क्ष² − अ²| < एप्सिलॉन हे साध्य आहे. त्यानेच सुरुवात करून खाली ∴, ∴ केलं तर अर्थ असा होतो की जे सिद्ध करायचं ते खरं मानलं आणि त्यातून आणखी काहीतरी काढलं. खोट्या विधानातूनही खरं विधान निघतं: १ = −१, दोन्ही बाजूंचा वर्ग करा, १ = १. शेवटची ओळ खरी आहे म्हणून पहिली खरी ठरत नाही.

रफ काम उलटं चालतं आणि तसंच चालायला हवं. साध्यापासून मागे मागे गेल्याशिवाय डेल्टा सुचणार कसा? उत्तर मात्र सुलट लिहायचं. ऋण नसलेल्या अ आणि ब साठी (अ + ब)/२ ≥ √(अब) हे दाखवताना वहीत बहुतेक जण असं उतरतात: अ + ब ≥ २√(अब), मग (अ + ब)² ≥ ४अब, मग (अ − ब)² ≥ ०, 'जे खरं आहे'. ही सिद्धता वाचवता येते, पण प्रत्येक पायरी उलट जाते हे लिहावं लागेल. वर्गाची पायरी उलटवताना दोन्ही बाजू ऋण नाहीत हे सांगणं भाग आहे आणि नेमकं तेच राहून जातं. त्यापेक्षा (√अ − √ब)² ≥ ० पासून सुरू करा. विस्तार केला की अ + ब − २√(अब) ≥ ०, काम झालं. दोन ओळी, आणि 'ऋण नसलेल्या' ही अट कुठे लागली तेही दिसतं: मुळं घेताना.

दहावीच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असे मथळे घालून लिहायला लावतात. कॉलेजात आल्यावर ते सोडू नका. पक्षात काय दिलंय ते लिहा, साध्य लिहा, आणि साध्यातली ओळ सिद्धतेत शेवटीच आली पाहिजे हे पाहा.

सांत_उपआच्छादन

सरावाचं विचारलंत म्हणून लिहितो. सिद्धता वाचून पाठ होते, लिहायला मात्र लिहूनच येते. प्रमेयाचं फक्त विधान वहीत उतरवा, पुस्तक मिटा, लिहा. लगेच तपासू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग परक्याची वही तपासतोय अशा नजरेने प्रत्येक ओळीपुढे कारण लिहा: व्याख्या, पक्ष, आधीचं अमुक प्रमेय, की वरची तमुक ओळ. यांतलं काहीच लिहिता येत नसेल तिथे भोक आहे. 'स्पष्ट आहे' हे शब्द नेमके अशाच जागी येतात.

मग पक्षातली प्रत्येक अट कुठे वापरली त्यावर खूण करा. एखादी अट वापरलीच गेली नसेल तर दोनच शक्यता: एक तर तुम्ही मूळ प्रमेयापेक्षा जास्त सिद्ध केलंय (क्वचित), नाहीतर चूक आहे. संवृत (दोन्ही टोकं धरून घेतलेल्या), सीमित अंतरालावरचं संतत फलन सीमित असतं, हे प्रमेय घ्या. तुमच्या सिद्धतेत 'संवृत' कुठेच लागलं नाही तर तीच सिद्धता (०, १) वर १/क्ष लाही लागू पडेल, आणि १/क्ष तर तिथे सीमित नाही. अट काढून असं प्रतिउदाहरण शोधायचं हा माझ्या मते सरावाचा सगळ्यात कसदार भाग आहे, आणि नेमका तोच वगळला जातो.

इंडक्शनबद्दल (पाया एका न ला दाखवायचा, मग पायरी: न ला खरं तर न + १ लाही खरं) थोडं. पायाची पायरी म्हणजे शिष्टाचार नव्हे. २ चा न वा घात > न² हे घ्या. न साठी खरं मानलं तर पुढचा घात > २न², आणि २न² ≥ (न + १)² हे (न − १)² ≥ २ असताना, म्हणजे न = ३ पासूनच खरं आहे. पायरी ३ पासून चालते, पण विधान ३ ला खोटं (८ विरुद्ध ९) आणि ४ लाही खोटं (१६ विरुद्ध १६). पाया ५ ला मिळतो: ३२ > २५. पायरी कुठून चालते आणि पाया कुठे बसतो हे दोन्ही वेगवेगळं तपासून लिहा.

अप्रत्यक्ष सिद्धतेत 'समजा असं नाही' म्हटल्यावर नेमकं काय गृहीत धरलं ते पूर्ण वाक्यात लिहा आणि शेवटी विसंगती कोणत्या विधानाशी आली त्याचं नाव घ्या. मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता लिहिताना 'सगळ्यांचा गुणाकार अधिक १ ही नवी मूळ संख्या' असं सर्रास लिहिलं जातं. मूळ संख्यांची कोणतीही सांत यादी घेऊन गुणाकारात १ मिळवला की मूळ संख्याच मिळते, असा समज त्यामागे असतो. तो चूक आहे: २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१ = ५९ × ५०९. खरा मुद्दा एवढाच की त्या संख्येला कोणतातरी मूळ विभाजक असतो आणि तो यादीत नसतो, कारण यादीतल्या कशानेही भागलं तरी बाकी १ उरते. विसंगतीची गरज नसेल तिथे ती आणूही नका. 'न² सम असेल तर न सम' यासाठी न विषम घ्या, न = २क + १, मग न² = २(२क² + २क) + १, विषम. झालं.

प्रश्न हवे असतील तर गणिताच्या रिजनल ऑलिंपियाडचे जुने पेपर काढा. तिथे उत्तर सिद्धतेसकट लिहावं लागतं, आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर पेपर मिळतात. उन्हाळ्यात जमलं तर एमटीटीएसला (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) अर्ज करा. १९९३ पासून चालू असलेलं हे शिबिर तुमच्यासारख्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठीच आहे, आणि तिथे फळ्यासमोर उभं करून 'कशावरून?' विचारत राहतात.

रफवही

सगळ्यांचे आभार. डेल्टाच्या आधी क्ष येऊ शकत नाही हे आता पक्कं कळलं. पुस्तक न बघता पुन्हा लिहिलं. अ, एप्सिलॉन आणि डेल्टाची ओळख वर काटकोन यांनी दिलीय तशीच, |क्ष + अ| < १ + २|अ| पण त्रिकोण असमानतेसकट लिहिलं. शेवटची साखळी अशी केली:

|क्ष² − अ²| = |क्ष − अ| × |क्ष + अ| < डेल्टा × |क्ष + अ| < डेल्टा × (१ + २|अ|) ≤ एप्सिलॉन

हे चालेल ना?

काटकोन

निष्कर्ष बरोबर, मांडणीही सुलट आहे. फक्त पहिलं < चिन्ह तपासा. |क्ष − अ| < डेल्टा या असमानतेला तुम्ही दोन्हीकडून |क्ष + अ| ने गुणलंय. गुणणारी संख्या शून्य असेल तर < टिकत नाही. अ = ०, क्ष = ० घालून बघा: डावीकडे ०, उजवीकडेही ०. तिथे ≤ लिहा. पुढचं < तसंच राहू द्या, डेल्टा धन असल्यामुळे ते खरं आहे, आणि साखळीत एक जरी काटेकोर < असलं तरी शेवटी < एप्सिलॉन मिळतंच.