घराच्या कामाला डिझायनर लावायचा का? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

दादा: मंडळी, दिवाळीनंतर घराचं काम काढायचं आहे. नागपूरचे एक इंटिरिअर डिझायनर परवा घर पाहून गेले. त्यांनी दोन पर्याय दिले. पहिला, सामानासहित सगळं काम त्यांच्याकडे. दुसरा, सामान आणि माणसं आपली, देखरेख त्यांची, एकूण खर्चाच्या १० टक्के फी. आपल्याकडे ८ लाख आहेत. मागच्या स्लॅबच्या तीन खोल्या, त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन कपाटं. पुढची बैठक आणि माजघर मातीच्या भिंतीचं, वर टिन. तिथे त्यांनी फॉल्स सीलिंग आणि लाकडी पॅनेल सुचवलं. गावचा सुतार मिस्त्री म्हणतो, डिझायनरची गरज नाही. आपापली मतं टाका.

मामाजी: भाच्या, १० टक्के म्हणजे ८० हजार. तेवढ्यात दोन्ही कपाटांचं प्लाय येते. कायले पाहिजे डिझायनर?

ताई: मामाजी, ८० हजारही पूर्ण नाहीत. त्यांची जीएसटी नोंदणी असेल तर फीवर १८ टक्के, म्हणजे १४,४०० आणखी. एकूण ९४,४००. पण दादा, माझा आक्षेप रकमेपेक्षा पद्धतीवर आहे. टक्केवारीत खर्च वाढला की फी वाढते, मग खर्च कमी करायला कोणी कशाला डोकं लावेल? आणि सामानासहित काम दिलं तर प्लायचं दुकान, हार्डवेअर, लाइटवाला सगळे त्यांच्या ओळखीचे. त्यात कमिशन असतं हे या धंद्यात उघड आहे. ते चूकच असतं असं नाही, पण आपल्याला दिसत नाही. तिसरा पर्याय त्यांनी सांगितला नाही: ठरावीक रकमेत फक्त ड्रॉइंग आणि मोजक्या साइट भेटी.

आणखी एक. इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायला आपल्याकडे कायद्याने परवाना लागत नाही. ‘आर्किटेक्ट’ मात्र १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असेल तरच लिहिता येतं. म्हणून पाटी न पाहता त्यांनी आधी केलेल्या घराची वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे कारागीर ज्यावरून काम करतात ती मापासहित चित्रं, मागा. रंगीत थ्रीडी चित्रं कोणीही दाखवतो.

भाऊजी: दादा, डिझायनरच्या आधी एक विचारतो. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेला तिरपा तडा आहे. तो मे महिन्यात रुंदावतो आणि श्रावणात मिटतो का?

दादा: हो. उन्हाळ्यात पोस्टकार्ड आत जातं. दरवर्षी पुट्टी भरतो, दरवर्षी उघडतो.

भाऊजी: मग आधी ते. आपली जमीन काळी, भारी. पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि पाया उथळ असला की घर तिच्यासोबत हलतं. त्या भिंतीवर पुट्टी, वॉलपेपर, मोठ्या टाइल्स काहीही लावलं तरी तडा त्यातून वर येणारच. दोन कामं करा. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून मधलं अंतर आणि तारीख भिंतीवरच लिहा, दर महिन्याला मोजा. नुसता मोसमाप्रमाणे उघडमीट होत असेल तर घराभोवती ३ फूट रुंद काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पन्हाळीचं आणि न्हाणीचं पाणी पायाजवळ मुरता कामा नये. अंतर दरसाल वाढतच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचं. हे डिझायनरचं काम नाही.

स्वयंपाकघर आणि मागच्या खोलीमधली भिंत काढून मोकळं करायचं म्हणाले का ते?

दादा: हो. ‘ओपन किचन’.

भाऊजी: ती ९ इंची आहे आणि स्लॅब तिच्यावर बसलाय. या घरात कॉलम नाहीत, भिंतीच भार घेतात. काढायचीच असेल तर आधी टेकू, मग लोखंडी गर्डर, दोन्ही टोकांना बसायला काँक्रीटचे बेड, आणि हे सगळं इंजिनिअरच्या सहीच्या नकाशावर. त्यापेक्षा ४ फुटांचं दार ठेवा, वर लिंटेल (आडवी तुळई) घाला.

काकाजी: जावाईबापू बरोबर सांगतात. अन् पुढच्या बैठकीच्या भिंतीले लाकूड चिपकवू नका बाप्पा. पांढऱ्या मातीची भिंत हाय, दीड हात जाडीची. उधळी (वाळवी) मागून येईन अन् दिसणारबी नाई.

भाऊजी: काकाजी, हे त्या डिझायनरला कोणीतरी सांगायला हवं होतं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे नाही, अख्खे तुकडे सुटतात. तिथे मातीचाच किंवा चुन्याचा गिलावा, वर चुना. पॅनेल नाही. वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यात १२ मिमी व्यासाची भोकं, दर फुटावर एक, त्यातून औषध सोडायचं, मात्रा लेबलवर असते तीच. हे टाइल्स आणि फर्निचरच्या आधी. नंतर नवी फरशी भोसकावी लागते.

आणि टिनाखाली जिप्समचं सीलिंग करायच्या आधी टिन धरून ठेवणारे सगळे जे-बोल्ट तपासा. त्यांचे वायसर (चकत्या) उन्हाने कडक होऊन फाटतात, तिथून पाणी उतरतं. एक पावसाळा थेंब न गळता गेल्याशिवाय जिप्सम नको. टिन आणि सीलिंगमधली जागा जाळी लावून बंद केली नाही तर उंदीर, खारी तिथेच राहतात. कौलासारखी हवा जाईल पण प्राणी जाणार नाही, अशी बारीक जाळी दोन्ही टोकांना हवीच.

वहिनी: मला स्वयंपाकघराचं बोलायचं आहे. डिझायनरने काढलेल्या चित्रात ओट्याखाली सगळे ड्रॉवर आहेत. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. गुंड (पाण्याचे हंडे), माठ, ड्रम कुठे ठेवायचे? कुरड्या-पापडांचे डबे, पंगतीची मोठी भांडी कुठे? आणि कापूस घरी भरतो ती मागची खोली त्यांनी ‘गेस्ट रूम’ करून टाकली. भाव नसला की कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत घरात असतो.

ताई: वहिनी, हेच लिहून द्यायचं असतं, त्याला ब्रीफ म्हणतात. बहुतेक लोक ते न देता चित्र पाहून हो म्हणतात. तुम्ही लिहा: किती गुंड, त्यांची उंची, सर्वात मोठ्या पातेल्याचा व्यास, धान्याच्या कोठ्या किती, कापसाच्या खोलीत भिंतीला लागून काहीही नको आणि प्लगपॉइंट जमिनीपासून ४ फुटांवर. फवारणीचा पंप आणि औषधं घरात नाहीत, बाहेर कुलपाची वेगळी जागा. ओट्याची उंची तुमच्या कोपरापासून ४ इंच खाली. कोपर ३७ इंचांवर असेल तर ओटा ३३. मोजून सांगा.

वहिनी: ३८ आहे.

ताई: मग ३४. आणि ओट्याखाली प्लायचे डबे करूच नका. कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या करा, वजन थेट जमिनीवर जातं, वाळवी लागत नाही, सिंकखाली पाणी सांडलं तरी फुगत नाही. दारांसाठी समोर ॲल्युमिनियमची चौकट, कारण बिजागरीचा स्क्रू दगडात धरत नाही. एक कप्पा बिनदाराचा ठेवा, १८ इंच उंचीचा, गुंडासाठी.

मामाजी: हे आपल्या मिस्त्रीलाबी समजते. म्हणून मी म्हणतो, डिझायनर नको.

ताई: मामाजी, तुम्ही लाकडातले. मग एक हिशोब सांगा. ७ फूट उंच, ६ फूट रुंद, २ फूट खोल कपाट, चार दारं, सहा फळ्या. १८ मिमीच्या किती शीट?

मामाजी: तीन उभ्या, ७ बाय २ च्या. वर-खाली ६ बाय २. फळ्या ३ बाय २ च्या सहा. दारं ७ बाय दीड, चार. सगळं मिळून १४४ चौरस फूट, शीट ८ बाय ४ ची, म्हणजे ३२. साडेचार.

ताई: आणि कापताना?

मामाजी: कापताना सहा. दारं दीड फुटी असली की ४ फुटी शीटमधून दोनच निघतात, एक फुटाची पट्टी उरते. फळ्याबी एकाच दिशेनं कापल्या तर एका शीटमधून चारच. पाठीमागं ६ मिमीच्या दोन शीट वेगळ्या.

ताई: हेच. साडेचार आणि सहा यातला फरक ड्रॉइंगमध्ये कापणीचा नकाशा असला की आधी कळतो. उरलेल्या पट्ट्यांत ड्रॉवर बसवता येतात, पण ड्रॉवरची मापं आधी ठरलेली हवीत. मिस्त्री चांगला आहे, पण तो जागेवर ठरवतो, आणि लाइटवाला त्याच्या आधी येऊन गेलेला असतो. मग प्लग कपाटामागे जातो. डिझायनरचा खरा उपयोग इथे आहे: सगळ्यांनी एकाच कागदावरून काम करणं.

मामाजी: हे पटलं. मंग प्लायचं माझं ऐका. कोरड्या खोलीत आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर (ओल सोसणारी प्लाय) चालते, ओलीच्या जागी आयएस ७१० (मरीन प्लाय). प्रत्येक शीटवर आयएसआय शिक्का अन् लायसन नंबर पाहा, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येते. बिलावरबी ग्रेड लिहून घ्या. दारं वाकतात ती काऊन? बाहेरून १ मिमी लॅमिनेट अन् आतून नुसता रंग. एक बाजू ओल घेते, दुसरी घेत नाही, दार धनुष्यासारखं होते. आतूनबी ०.८ चं लॅमिनेट लावा. ७ फुटी दाराले चार बिजागऱ्या, तीन नाई. अन् चॅनेल, बिजागरी तालुक्याच्या दुकानात मिळते तीच घ्या. बाहेरून मागवलेली तुटली तर तेवढ्यासाठी कोणी येत नाई.

छोटू: दादा, कूलरचं कोणीच बोललं नाही. चित्रात खिडक्या बंद, एसी दाखवलाय. आपण मार्च ते जून कूलरवर. कूलरच्या हवेला समोरून बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोलीत नुसती दमट गर्मी. एक खिडकी कूलरची, समोरची किंवा झरोका उघडा. कपाट कूलरच्या झोतासमोर नको, जिप्समही त्या बाजूला नको. कूलरला बाहेर पाण्याची पाइप आणि फ्लोट व्हॉल्व्हची सोय आत्ताच करून घेऊ, भिंत नंतर फोडायला नको.

वायरिंग सगळंच बदलायचं. लाइट-पंख्याला १.५ स्क्वेअर मिमी, प्लगला २.५, गीझरला आणि पुढे एसी घेतला तर त्याला ४, प्रत्येकाची एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) वेगळी. वर ३० मिलीअँपची आरसीसीबी, करंट गळला की लाइन तोडणारी. अर्थिंग नवं हवं. काळी माती उन्हाळ्यात फाटून पाइपपासून सुटते, म्हणून खड्ड्यावर झाकण ठेवा आणि उन्हाळ्यात पाणी टाकत राहा. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, एलईडी पट्ट्यांचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारे छोटे डबे) उडतात. ते सीलिंगमध्ये गाडले तर प्रत्येक वेळी सीलिंग कापावं लागतं. हात पोचेल अशा जागी ठेवायचे.

काकाजी: काम कधी काढता? सोयाबीन सोंगणीत मजूर भेटत नाई, अन् वेचणीतबी नाई.

भाऊजी: जानेवारीत तोडफोड आणि भिंतीतलं काम. वायर-पाइपसाठी खाचा, मग गिलावा. सिमेंटच्या गिलाव्याला किमान ७ दिवस पाणी. एप्रिलमध्ये पाणी मारायला पाणीच नसतं, म्हणून हे फेब्रुवारीच्या पुढे ढकलू नका. न्हाणीत वॉटरप्रूफिंग झालं की पाणी जायची जाळी बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा, बाहेरून भिंत पाहा, मगच टाइल्स. उतार दर ४ फुटांना अर्धा इंच. सुतार मार्चमध्ये, पण भिंत वाळल्याशिवाय नाही. दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर थांबा. रंगाचा शेवटचा हात सगळ्यात शेवटी, मृगाच्या आत.

दादा: मग असं ठरवू का? त्यांना ठरावीक ४० हजार, टक्केवारी नाही. त्यात मागच्या तीन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी यांची ड्रॉइंग आणि पाच भेटी. सामान आपण घेऊ. पुढची बैठक, माजघर त्यांच्याकडे नाही, ते चुन्याचं काम काकाजी सांगतील तसं. भिंत, छत, वायरिंग, पाणी यासाठी अडीच लाख आधी बाजूला.

ताई: चालेल, पण भेटी कोणत्या ते लिहून घे. आखणीच्या दिवशी, खाचा बुजवण्याआधी, टाइल्सआधी, पहिल्या कपाटाचा सांगाडा उभा राहिल्यावर, आणि शेवटी. पैसे ड्रॉइंगनुसार: लेआउटला १० हजार, इलेक्ट्रिक-प्लंबिंग आणि फर्निचरची मापासहित ड्रॉइंग हातात आली की १५, उरलेले १५ भेटींवर, प्रत्येकी ३ हजार. लेआउट किती वेळा बदलून मिळेल तेही लिही, दोनदा तरी. ‘सामान कुठून घ्यायचं ते मालक ठरवेल’ ही ओळ हवी. नाही म्हणाले तर दुसरा पाहू.

वहिनी: मी यादी करते, गुंडांसकट. काकाजी, कापसाची खोली आहे तशीच राहील.

काकाजी: हो सूनबाई, तेच पाहिजे.

ताई: दादा, त्यांना द्यायची मापं रविवारी घे. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती वेगवेगळ्या मोज, समोरासमोरच्या सारख्या असतील असं धरू नकोस. दोन्ही कर्ण मोज, त्यावरून खोली काटकोनात आहे का ते कळतं. खिडकीची जमिनीपासूनची उंची, स्लॅबची उंची चारही कोपऱ्यांत. मापं इंचात लिही, मिस्त्री इंचातच वाचतो.

छोटू: रविवारी सकाळी येतो. टेपचं दुसरं टोक मी धरतो, आणि जुन्या वायरिंगचा नकाशाही काढून घेऊ.