घरी आजारी आईवडील : माणूस कसा मिळाला, पैसे कसे उभे केले?

दवाखान्याचं बिल किती झालं ते सगळे सांगतात. त्यानंतर घरी जी वर्षं जातात त्यांच्या खर्चाबद्दल मात्र कोणी तोंड उघडत नाही. शुश्रूषेसाठी ठेवलेल्या मावशींचा पगार, डायपर, एअर मॅट्रेस यातलं काहीही मेडिक्लेममधून सहसा सुटत नाही. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारतचं ५ लाखांपर्यंतचं कवच मिळालं, पण तेही दवाखान्यात भरती झाल्यावर. घरची शुश्रूषा घरच्याच खिशातून.

म्हणून हा धागा. माणूस कुठून मिळाला, काय ठरवलं, किती देता, भावंडांत कसं वाटून घेतलं, ते आकड्यांसकट लिहा. शहर लिहा, म्हणजे दराचा अंदाज येईल. माणूस पुरवणाऱ्या ब्यूरोचं नाव नको.

मी सुरुवात करते. पुणे. आई ८१ वर्षांची, उजव्या अंगाला पक्षाघात. ब्यूरोकडून १२-१२ तासांच्या दोन मावशी, एकीचे दिवसाला ८५०. म्हणजे महिन्याला ५१ हजार. औषधं, डायपर, फिजिओ धरून ६० हजारांच्या आसपास जातात. आईला फॅमिली पेन्शन २७ हजार. बाबांच्या मागे आलेले ३० लाख तिनं पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले होते. तेव्हा ८.२ टक्के दर होता, त्याचं व्याज तिमाहीला ६१,५०० येतं, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. उरलेले साडेबारा हजार मी आणि भाऊ निम्मे निम्मे घालतो.

भावाचं म्हणणं होतं, बाबांच्या पैशाला हात लावायला नको, आपण दोघं बघू. मला ते मुळीच पटलं नाही. बाबांनी आयुष्यभर पोटाला चिमटा काढून ठेवलेला पैसा आईच्या म्हातारपणासाठीच होता. तो आमच्या वाटणीसाठी जपायचा आणि तिच्या मावशींच्या पगारात काटकसर करायची, हे मला अन्यायाचं वाटतं. आईचं सगळं आधी आईच्या पैशानं करायचं, कमी पडेल ते मुलांनी घालायचं. खर्चाची वही दोघांना दिसेल अशी ठेवली आहे.

दुसरी वही मावशींची. कूस कधी बदलली, लघवी किती झाली, बीपी, काय खाल्लं, हे दोघी लिहितात आणि सकाळी आठला ड्युटी बदलताना एकमेकींना वाचून दाखवतात. दर दोन तासांनी कूस बदलणं यात तडजोड नाही. एअर मॅट्रेस असली तरी नाही. पाठीला एकदा जखम झाली की ती भरून यायला महिने लागतात. आणखी एक : मावशी आईचं करायला आल्या आहेत. घरची भांडी, केरवारे त्यांना सांगू नका.

सांगली, मुलगा

आम्ही ब्यूरोकडे गेलो नाही. बाबा ज्या दवाखान्यात होते तिथल्या वॉर्डबॉयनं त्याच्या गावचा मुलगा पाठवला. महिना १८ हजार, राहणं-जेवण आमच्याकडे, रविवारी सुट्टी. आधार कार्ड घेऊन पोलीस ठाण्यात नोंद केली. आमचेही फोन नंबर त्याच्या आईला दिले, त्या माउलीलाही पोरगा कुठे राहतो ते कळायला हवं.

बाबांना पार्किन्सन आहे. गोळीला पाऊण तास उशीर झाला तरी पाय जागच्या जागी खिळतात, खुर्चीतून उठवत नाही. हे त्या मुलाला आता आमच्यापेक्षा जास्त कळतं. बाबा त्याला अहो-जाहो करतात. पोरगा सुरुवातीला लाजायचा.

लोक चोवीस तासांचा माणूस ठेवतात आणि तो चोवीस तास जागा राहील असं धरून चालतात. झोप मिळाली नाही तर कुठलाही माणूस महिनाभरात पळणार, आणि त्यात त्याची चूक नाही. रात्री ११ ते पहाटे ५ मी बाबांच्या खोलीत झोपतो, तो दुसऱ्या खोलीत. रविवारी सगळं माझ्याकडे. बहिणीच्या लग्नाला त्यानं ४० हजार उचल मागितली. दिली, दरमहा दोन हजार कापून घेतो. पगार एक तारखेलाच, दोन तारीख कधी होऊ दिली नाही.

डोंबिवली, सून

सासूबाईंना स्मृतिभ्रंश. घरी बैठक झाली तेव्हा मोठे दीर म्हणाले, बाहेरचं माणूस कशाला, तू नोकरी सोड, तुझा पगार आम्ही तिघं मिळून देतो. मी शांतपणे विचारलं, माझा पीएफ कोण भरणार? सासूबाईंनंतर मला पन्नाशीत नोकरी कोण देणार? कोणाकडेच उत्तर नव्हतं. नवरा माझ्या बाजूनं उभा राहिला, हे इथे मुद्दाम लिहिते.

आता दिवसा मावशी आहेत, २२ हजार. तिन्ही मुलं आणि नणंद सारखा वाटा देतात. नणंद स्वतःहून म्हणाली, आई माझीही आहे. दर महिन्यातला एक शनिवार-रविवार ती येऊन राहते, तेव्हा आम्ही दोघं बाहेर पडतो. पैशापेक्षा त्या दोन दिवसांनी मला टिकवलं आहे.

जर्मनीहून, आईबाबा नागपूरला

दुरून करणाऱ्यांसाठी बँकेचं लिहितो, कारण माणूस मिळाला तरी गाडी तिथे अडते.

बाबांची सही जुळेना झाली. अशा वेळी खातेदाराचा अंगठा चालतो, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. आमच्या शाखेत हे सांगूनही कोणी ऐकेना, लेखी अर्ज दिल्यावर अधिकारी घरी आले. सत्तरीपुढच्या आणि आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७मध्येच सांगितलेलं आहे. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, मावशींनी फोन धरला तरी जमतं.

सगळ्यात महत्त्वाचं : कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अटर्नीवर) विसंबून राहू नका. आपल्याकडे करून देणाऱ्याचं भान गेलं की ते कायद्यानं संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग पालक म्हणून नेमणूक मिळवायला कोर्टात जावं लागतं. निदान झाल्याबरोबर, आईवडिलांना समजतंय तोवर, दोघांच्या संमतीनं खाती संयुक्त करा, ‘दोघांपैकी कोणीही’ अशी. नॉमिनी बघा. हा विषय काढताना जीभ जड होते. बाबांना मी सरळ म्हणालो, तुमचेच पैसे तुमच्यासाठी काढता यावेत म्हणून विचारतोय. त्यांनी स्वतः कपाटातून फाइल आणून दिली.

लातूर जिल्हा, मुलगी

वाचतेय सगळं. आमच्या गावात ब्यूरो नाही आणि ५० हजार महिना तर आमच्या घरात कोणी कमावत नाही. मायला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० येतात. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता घरी आहे. दोघं भाऊ म्हणतात चार-चार महिने वाटून घेऊ, एक गावात, एक निलंग्याला. सारखी जागा बदलायला ती तयार नाही. शेत दोघांच्या नावावर करून दिलंय तिनं. शेजारची एक बाई सकाळ-संध्याकाळ येऊन अंघोळ आणि उठवणं-बसवणं करते म्हणते, ४ हजारांत. तेवढेही भाऊ देईनात. काय करू?

धागाकर्ती

ताई, त्या बाईंना आधी हो म्हणा. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलंय तसं रोज उभं करणं, चालवणं थांबता कामा नये. वॉकर आणि कमोडची खुर्ची घ्या, परसाकडे लांब नेऊ नका.

पैशाचं म्हणाल तर २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा आहे. आई स्वतः किंवा तिच्या वतीनं तुम्ही प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकता, महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. तो मुलींवरही लागू आहे हे लक्षात ठेवा. शेत देताना ‘सांभाळ करावा’ अशी अट दस्तात असेल आणि सांभाळ होत नसेल, तर तो दस्त रद्द करून मागता येतो. म्हणून बक्षीसपत्र काढून नीट वाचा. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन फुकट आहे, तिथे आधी विचारा.

लातूर जिल्हा, मुलगी

दस्त थोरल्याकडे आहे, तहसीलला नक्कल मिळते का बघते. बाईला उद्यापासून या म्हटलंय. या महिन्याचे चार हजार मी देते. पुढचे तिघांनी मिळून द्यायचे, हे मायसमोर बसूनच बोलणार आहे.