डिपस्टिकवर वाढलेली ऑईलची पातळी

फोर-बाय-फोरचे (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे) डिझेल इंजिन बिघडू लागल्याचे धुराच्या रंगावरून ओळखावे, हा नेहमीचा सल्ला योग्यच आहे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे. इंजिन तापल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे बहुधा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये शिरत आहे. परंतु बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुराच्या वाटेवरचा फिल्टर, काजळी अडवत असल्यामुळे काळा धूर सहसा दिसतच नाही.

माझ्या मते या गाड्यांतील सर्वाधिक दुर्लक्षित खूण म्हणजे डिपस्टिकवर (ऑईल मोजण्याच्या पट्टीवर) ऑईलची पातळी वाढणे. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी बहुतेक इंजिनांत सिलिंडरमध्येच उशिराने जादा डिझेल फवारले जाते. फोर-लोमध्ये (चारही चाकांच्या सर्वांत मंद गिअरमध्ये) चिखलातून रांगणे किंवा शहरातील चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या यांमुळे ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर त्यातील काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरते, ऑईल पातळ होते आणि टर्बो व क्रँकच्या बेअरिंगांची झीज वाढते. ऑईल कमी झाले नाही म्हणून निर्धास्त राहणारे (मीही त्यांतलाच होतो) येथेच फसतात.

पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहावी. ती कमाल खुणेच्या वर गेली असेल आणि ऑईलला डिझेलचा वास येत असेल, तर सर्व्हिसच्या तारखेची वाट न पाहता ऑईल व फिल्टर बदलावेत. ऑईल दुधाळ दिसले, तर मात्र त्यात कूलंट मिसळले आहे असे समजून गाडी सुरूच करू नये, टो करून न्यावी.