फुकटचं इंजिन: उपकार की गळ्यात धोंड?

खडूस_पाइपलाइन: काल एकाने लिहिलं, "अ‍ॅपलने कॉमेट दान केलं, स्पार्कवाल्यांनी आता आभार मानून गप्प बसावं." नाही बसवत! स्पार्क म्हणजे ढीगभर डेटावर क्वेरी चालवणारी मुक्त प्रणाली, कॉमेट तिला वेग देणारं जोड-इंजिन. 2024 मध्ये कॉमेट मुक्त सॉफ्टवेअरवाल्या अपाचे अ‍ॅरोच्या छत्राखाली आलं, रस्ट भाषेत लिहिलेलं, खाली डेटाफ्यूजन हे क्वेरी इंजिन. कौतुक आहेच. पण इंजिन म्हणजे देवळाला दिलेली घंटा नव्हे, टांगली की सुटलो. जेव्हीएमवरचा (जावा चालवणाऱ्या यंत्रणेवरचा) मूळ स्पार्क जे वेडंवाकडं उत्तर देतो तेच इथेही यायला हवं. डेसिमलचं राउंडिंग, टाइमझोन, स्ट्रिंगची तारीख करणं... निस्तरणार कोण? हाइव्ह ऑन स्पार्क आठवा, हाइव्ह या जुन्या प्रणालीच्या क्वेरी स्पार्कवर चालवायची सोय. 2015 ला हाइव्ह 1.1 मध्ये वाजतगाजत आलं, हाइव्ह 4 मध्ये उपटून टाकलं. ज्यांनी त्यावर जॉब बांधले त्यांना विचारा.

शून्य_पॉइंटर: असहमत. डेटाफ्यूजनही 2019 मध्ये अ‍ॅरोला दानच मिळालं होतं, आज स्वतंत्र प्रकल्प आहे. तेव्हा हाच प्रश्न विचारून हाकलला असता का? नाहीतर स्पार्कला वेग देणारं फोटॉन आहेच, डेटाब्रिक्स कंपनीच्या कुलपात. त्याचा नुसता शोधनिबंध वाचा आणि पोट भरा.

खडूस_पाइपलाइन: डेटाफ्यूजन एका माणसाच्या छंदातून उभं राहिलं, माणसं हळूहळू जमली. कंपनीने घरी शिजवून आणलेला डबा वेगळा. त्यात मीठ किती, हे तिच्याच लोकांना माहीत.

ऑनकॉल_ताई: डबा खाऊन बघितलेली मी बोलू? स्पार्कला कॉमेटसारखंच दुसरं जोड-इंजिन, ग्लूटन-वेलॉक्स, लावलं. आमच्या निम्म्या क्वेरींत जुने यूडीएफ, म्हणजे आम्हीच लिहिलेली फंक्शन्स. ते जेव्हीएमबाहेरच्या या नेटिव्ह इंजिनाला झेपत नाहीत, मग कॉलमचे रो करा, जेव्हीएमकडे पाठवा, पुन्हा उलटं. वेग गेला हेलपाट्यात. वर ऑफ-हीपला (जेव्हीएमच्या ताब्याबाहेरच्या जागेला) मेमरी द्यायची राहिली, रात्री दोनला एक्झिक्युटर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रक्रिया, पटापट मेल्या. मेमरीची चूक माझीच, पण "फक्त प्लगइन टाका" म्हणणारा त्या रात्री समोर हवा होता.

हिंजवडीचा_बैल: तुम्ही अख्ख्या इंजिनावर भांडताय. मी मुक्त प्रकल्पात एका ओळीची दुरुस्ती टाकायला कंपनीकडे परवानगी मागितली. लीगलने चार महिने फाइल फिरवली, शेवटी विचारलं, "यातून आपल्याला काय मिळणार?"

शून्य_पॉइंटर: रविवारी स्वतःच्या लॅपटॉपवरून टाकायची ना. रडतोस काय?

हिंजवडीचा_बैल: नोकरीचा करार वाचलायस का कधी? रविवारी लिहिलेलंही त्यांचंच. अपाचेच्या आयसीएलएवर (कोड देणाऱ्याच्या करारावर) सही करताना मालकाची परवानगी आहे असं खोटं लिहू? तुझं बरंय, तू फ्रीलान्सर.

शून्य_पॉइंटर: फ्रीलान्सरचं बरंय म्हणे! सहा महिने पेमेंट अडकलं की ये सांगायला.

ऑनकॉल_ताई: भांडा बाहेर. पण बैलाचं खरं आहे. आमच्याकडे अप्रेझलला रिव्ह्यूचं कामही मोजत नाहीत, बाहेरचा पॅच कोण मोजतो? मग इंजिनं मोठ्या कंपन्याच देणार, आणि दिशाही त्याच ठरवणार.

खडूस_पाइपलाइन: हेच तर मी पहिल्यापासून बोंबलतोय! बरं, कुलपातल्या फोटॉनपेक्षा उघडं कॉमेट चांगलं. घ्या, मान्य केलं, पेढे वाटा. पण पुढच्या स्पार्क आवृत्तीला कास्ट (स्ट्रिंगची तारीख करण्यासारखं रूपांतर) चुकलं तर पहिला इश्यू शून्य_पॉइंटरच्या नावाने.

शून्य_पॉइंटर: टाक. सोबत टेस्टही लिही, नुसती बोंब नको.

ऑनकॉल_ताई: बैला, त्या एका ओळीचं झालं काय मग?

हिंजवडीचा_बैल: परवानगी आली. तोवर दुसऱ्याच कुणीतरी तीच ओळ टाकून इश्यू बंद केला होता.