समुद्राच्या पाण्यातील अत्यल्प पीएएच : रत्नागिरीचा नमुना कोल्हापुरात कसा तपासावा?

प्रश्न
नमस्कार. मी कोल्हापुरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. प्रकल्पासाठी मला रत्नागिरीजवळच्या समुद्राच्या पाण्यातील पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे पीएएच (तेलातून व जळणाच्या धुरातून येणारी, अनेक कार्बन-वलये जोडलेली संयुगे), मोजायचे आहेत. ही संयुगे लिटरमागे काही नॅनोग्रॅम असू शकतात आणि मीठ मात्र सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे अब्जावधी पटींनी जास्त असते. एवढ्या मिठातून ती वेगळी कशी काढावीत, आणि आंबा घाटातून पाणी आणेपर्यंत त्यांचा ऱ्हास कसा टाळावा?

उत्तर १
मिठाची धास्ती बाळगू नका. त्याने पीएएचची पाण्यातील विद्राव्यता उलट कमी होते. सी-१८ कार्ट्रिज (तेलकट संयुगे धरून ठेवणाऱ्या भुकटीची छोटी नळी) आधी मिथेनॉलने व मग शुद्ध पाण्याने भिजवून, ते कोरडे पडू न देता त्यातून नमुना सावकाश सोडला, की पीएएच आत अडकतात आणि मीठ वाहून जाते. उरलेले मीठ थोड्या शुद्ध पाण्याने धुऊन, कार्ट्रिज पूर्ण वाळवून डायक्लोरोमिथेनने संयुगे उतरवून घ्यावीत. तो अर्क नायट्रोजनच्या झोतात आटवताना मात्र घाई नको, कारण नॅप्थलीन हे सर्वांत हलके पीएएच सहज उडून जाते.

उत्तर २
ताई, माझ्या मते खरी कसोटी जीसी-एमएसपर्यंत (संयुगे वेगळी करून ओळखणाऱ्या व मोजणाऱ्या यंत्रापर्यंत) पोहोचण्याआधीच लागते. प्लास्टिकच्या कॅनच्या भिंतींना पीएएच चिकटतात, म्हणून टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाची गडद काचेची बाटलीच घ्यावी. डिझेलच्या होडीतून जाणार असाल तर इंजिन बंद करवून, होडीचे पुढचे टोक वारा येतो त्या बाजूला ठेवून, तिथे बसून, बाटलीचे तोंड पाण्याखाली उघडावे. पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्रा आत आला तर सगळेच आकडे फुगतात. शुद्ध पाण्याची एक बाटली किनाऱ्यावर नेऊन, तिथे उघडून, तिच्यावरही हीच सगळी प्रक्रिया करावी. या कोऱ्या नमुन्याशिवाय आलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. कार्ट्रिजचे काम रत्नागिरीतच उरकून फक्त कार्ट्रिज कोल्हापूरला आणले तर चालेल का?

उत्तर १
चालेल, किंबहुना तेच बरे. कार्ट्रिज बंद करून, बर्फाच्या पेटीत अंधारात ठेवून आणावे. त्याआधी पाणी ४५० अंशांवर भाजलेल्या काचतंतूंच्या फिल्टरमधून गाळून तो फिल्टरही जपून आणावा, कारण जड पीएएच बहुधा गाळाच्या कणांना धरून असतात. ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेल्या) फिनँथ्रीनसारखे प्रमाणद्रव्य, म्हणजे घट ताडण्यासाठी ठरावीक मात्रेत घालायचे ओळखीचे संयुग, मात्र किनाऱ्यावरच, पाणी कार्ट्रिजवर सोडण्यापूर्वी, मोजून मिसळावे. कोल्हापुरात आल्यावर मिसळले तर वाटेत किती घट झाली हे त्यावरून कळणार नाही.